होस्टाच्या पानांच्या अळूवड्या

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका समजून घ्या.

आज ऑफिसमधून आले तर घरभर अळूवड्यांचा वास. पुण्याहून आमच्याकडे परदेशात राहायला आलेल्या सासूबाई एकदम खुशीत. "अगं, फेन्सपाशी सावलीत एवढं छान अळू लावलंयस आणि बोलली नाहीस!"

ते अळू नाही, होस्टा आहे, शोभेचं झाड. त्याची पानं गोगलगायी खातात म्हणून कालच मी शेडमधल्या जुन्या डब्यातल्या निळ्या, विषारी गोळ्या त्यावर टाकल्या होत्या.

टेबलापाशी माझी चार वर्षांची ईरा बसलेली. समोर रिकामी ताटली.

"आई, हिने किती खाल्ल्या?" मी किंचाळलेच.

"एकही नाही! नैवेद्य दाखवायच्या आधी कशी देईन? म्हणून तर रुसून बसलीये."

मी तिथेच खाली बसले आणि रडले.

वड्या टाकून दिल्या. तो डबा उद्या कौन्सिलच्या टिपला, म्हणजे इथल्या कचरा केंद्रावर, नेऊन देतेय.

आई आल्या त्या दिवशी मी त्यांना बॉयलर, हॉब, स्मोक अलार्म सगळं समजावून सांगितलं होतं. बागेत मात्र नुसती फुलं दाखवली.

तुमच्याकडे राहायला आलेल्या आईला किंवा सासूबाईंना तुम्ही काय काय सांगितलंयत?