सोळा वारांची दोरी

दामूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत एका छापखान्यात उभी होते. नवं पत्रक छापून निघत होतं. कशाबद्दलचं होतं ते आता नीट आठवतही नाही, इतकी पत्रकं काढलीत मी. फोन काकीचा होता. ती रडत नव्हती. "गेले गं," म्हणाली, "सकाली चाय पिली, टीव्हीवर हॉकीची म्याच लावली, नि बसल्या बसल्या..." मग म्हणाली, "म्याच अजून चालूच हाय. बंद करू का नको, काय समजत नाय." मी म्हटलं, राहू दे. दुसरं काय म्हणणार होते?

आमचं नातं रक्ताचं नव्हतं. माझे बाबा आणि दामूकाका माजिवड्याच्या एकाच कारखान्यात होते. बाबा युनियनचे. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झाले आणि अक्षरओळखसुद्धा 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' यावरूनच झाली. काकांचं घराणं माजिवड्याचं मूळचं, थोडी शेती आणि खाडीकाठी मिठागर असलेलं. कारखान्याची स्वतःची हॉकीची टीम होती, मागच्या बाजूला मैदान होतं, आणि दर रविवारी तिथं सामना असायचा. काका त्या टीममध्ये कधीच नव्हते. एकदा फक्त बदली खेळाडू म्हणून उतरले होते, तो किस्सा ते स्वतःच सांगत. "पाच मिनिटांत दोनदा आपल्याच मानसाला पाडला. कॅप्टन बोलला, दामू, तू बाहेरच जास्त कामाचा."

बाहेरचं काम म्हणजे मैदान आखणं. रविवारी पहाटे काका तळाला खिळ्यानं भोकं पाडलेल्या डालड्याच्या डब्यात चुन्याची फक्की भरून निघत. दुसऱ्या हातात काथ्याची जुनी दोरी. ही दोरी त्यांच्या वडिलांची, मिठागरात बांध सरळ घालायला वापरलेली. काकांनी तिच्यावर सोळा वारांवर लाल चिंधी बांधून गाठ मारली होती. दोरीचं टोक गोलपोस्टला धरायचं, गाठ हातात घेऊन फिरायचं, की गोलासमोरची वाटोळी रेघ उमटते. तिच्या आतली जागा म्हणजे डी. लहानपणी गोलपोस्टपाशी टोक धरून उभं राहायचं काम माझं. "हलू नको गं," काका ओरडायचे, "तू हललीस तर कुनाचा तरी गोल जाईल!" मला वाटायचं, सगळा खेळ माझ्याच मुठीत आहे.

खेळ कळायला लागला तो त्यांच्यामुळेच. हॉकीत कितीही लांबून, कितीही जोरात चेंडू गोलात मारला तरी तो गोल धरत नाहीत. डीच्या आत येऊनच मारावा लागतो. काकांना या एका नियमाचं फार कौतुक होतं. आणि दुसरं, हा वाकून खेळायचा खेळ. "मिठागरात जल्मभर वाकूनच काम केलं आमच्या बापानं," ते म्हणायचे, "पन वाकलेल्या मानसाला लोकांनी टाल्या वाजवलेल्या मी पयल्यांदा या मैदानात बघितल्या." पुढं मी खेळ आणि वर्ग यांवर बरंच काही वाचलं. या एका वाक्याच्या पुढं मात्र कुठलंच पुस्तक गेलं नाही.

मी शाळेत असताना कारखाना बंद पडला. शेडच्या जागी टॉवर आले, मैदान तेवढं नकाशावर 'खेळाचे मैदान' म्हणून उरलं. टीम पांगली. कुणी गावी गेलं, कुणी दिव्याला स्वस्तात घर घेतलं, कुणी गेलंच. काका मात्र दर रविवारी डबा आणि दोरी घेऊन जातच राहिले. रिकाम्या मैदानावर एकटे डी आखायचे. पुढं पोस्टही चोरीला गेले, तेव्हा ते जमिनीत खुंटी ठोकून दोरी धरायला लागले. मी कॉलेजात असताना एकदा चिडून विचारलं, "काका, खेळायला कुणी येत नाही, मग हे कशासाठी?" ते म्हणाले, "आखलेली जागा पडीक दिसत नाय. मिठागराचा बांधबी दर साली घालावा लागतो. भरती काय इचारून येते?"

भरती आलीच. महापालिकेनं मैदान जाळी लावून क्रिकेटच्या टर्फसाठी द्यायचं ठरवलं आणि लोकांकडून हरकती मागवल्या. मी पेटले. बाबा तोवर गेले होते, पण त्यांचा वारसा माझ्या हातात होता ना! मी पत्रक लिहायला घेतलं. काका घरी आले, समोर बसले आणि म्हणाले, "मी नावं सांगतो, तू लिही." अकरा नावं. कोण कुठल्या खात्यात होता, कुठल्या जागेवर खेळायचा, आता कुठं असतो. मी एका प्रूफाच्या पाठीवर ती उतरवून घेतली. काकांना एवढंच हवं होतं: पत्रकात ही नावं, आणि त्यांच्यातले जे हयात आहेत त्यांना गाठून सुनावणीला आणायचं.

मी कुणाला गाठायला गेले नाही, आणि पत्रकात नावंही घेतली नाहीत. पानात जागा नव्हती... असं मी तेव्हा म्हणाले. खरं तर नावं मला किरकोळ वाटली होती. मला भांडवलावर लिहायचं होतं, संस्कृतीवर लिहायचं होतं. मथळा दिला, 'राष्ट्रीय खेळाचा गळा घोटू नका!' काकांनी पत्रक डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचलं. "चांगला लिवलंस," म्हणाले. मग पत्रकाची घडी करत, अगदी हळू, "पन हा लांबून मारलाय गं."

सुनावणीच्या हॉलमध्ये महापालिकेच्या साहेबांनी माझं पत्रक वाचलं. माणूस सभ्य होता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मॅडम, हॉकीला सरकारनं अधिकृतपणे राष्ट्रीय खेळ म्हणून कधी जाहीर केलेलं नाही, हे तुम्हाला माहीत असेलच." मला माहीत नव्हतं. मागं कुणीतरी हसलं. मग त्यांनी विचारलं, "बरं, तिथं खेळतं कोण? नावं सांगा." मी राष्ट्राच्या अस्मितेबद्दल बोलायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून काका उठले आणि नावं सांगू लागले, खात्यासकट, जागेसकट. पाचव्या नावाला साहेब म्हणाले, "आजोबा, आलंय का यांतलं कुणी?" काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "नाय," म्हणाले, आणि खाली बसले. मला वाटतं, त्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मैदान गेलं. ते त्या पत्रकामुळंच गेलं असं म्हणत नाही, कदाचित नावांनीही ते वाचलं नसतं. पण डीच्या आत येऊन मारायची एक संधी होती आणि मी ती माझ्या मथळ्यासाठी घालवली. काका पुढं त्याबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत. भारतानं ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकलं त्या संध्याकाळी त्यांच्या सोसायटीत फटाके वाजले, तेव्हा मला फोन करून हसत म्हणाले, "आयकलंस? आज आठवन झाली सगल्यांना!" आता या सगळ्याचा राग येत नाही, थकवा येतो. सगळ्यात जास्त माझ्याच उद्गारचिन्हांचा.

काका गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात काकीकडं गेले. टॉवरच्या आठव्या मजल्यावरचं घर, खाली हिरवं टर्फ आणि त्यावरची जाळी. बाल्कनीत कपडे वाळत होते. दोरीकडं लक्ष गेलं आणि मी जागीच थांबले. काथ्याची होती, बाल्कनीत चार-पाच फेर घालून बांधलेली. पुढच्या फेरावर विटकी लाल गाठ. "त्यांनीच बांधली," काकी म्हणाली, "बोलले, आता हिला दुसरा काम काय? तुला न्यायची हाय तर ने, पन बदली दोरी आनून दे. कपडे कुठं वालवू?"

मी म्हटलं, "दोरी राहू दे. काकी, मला ती अकरा नावं हवीत." ते प्रूफ कधीच रद्दीत गेलं होतं. ती जरा हसली. दर रविवारी अकरा जणांचा चहा तिनंच तर पाठवला होता. चिमट्यांची टोपली पुढ्यात ओढून ती उभी राहिली आणि लाल गाठीपासून एकेक चिमटा दोरीला लावत एकेक नाव घ्यायला लागली. गोलकीपर, बिनसाखरेचा. दोन फुलबॅक, सख्खे भाऊ, एकाच कपातून पिणारे. मी लिहीत गेले. दहा चिमटे झाले.

"नि तो लेफ्ट आउट..." काकी म्हणाली. "उंच होता. आलं जास्त घाल बोलायचा. काय बरं नाव त्याचा... यांना इचार ना—"

अकरावा चिमटा तिच्या हातातच राहिला.