देवळीच्या वाटेवर हरवलेले काकाजी

सगळं बिघडलं ते एका 'हाव'पासून. म्हणजे तो न आल्यापासून. थांबा, आत्ताच हसू नका, आधी ऐकून तर घ्या!

देवळीला ताईकडची सुट्टी संपवून मी वर्ध्याला निघाले होते, नागपूरची गाडी गाठायला. मोटार वाटेतच फुसफुसली आणि बसली. ड्रायव्हर म्हणतो, "संध्याकाळलोक सुधरन." संध्याकाळपर्यंत! तोवर माझी गाडी गेलीच म्हणायची. तेवढ्यात मागून कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, आली. हाकणारे म्हातारेबुवा जांभई देत खाली उतरले.

"कुठी चालली, माय? वर्ध्याले? मंग बस नं! मीबी बजारातच चाललो. रातभर बंडी भरली, आता निघालो."

ना ओळख ना पाळख! पुढच्या आपल्या जागेवर घोंगडं अंथरलं, मला बसवलं आणि स्वतः मात्र खालीच.

"अहो, आणि तुम्ही?"

"परक्या लेकीच्या बरोबरीनं बसू का? मी येतो मांगून. बैलाइले रस्ता पाठ हाये."

बैलांना असेल पाठ, मला कुठे होता? म्हणून मी दर बाभळीला विचारायची, "काकाजी, आहात ना?" ढिगाच्या मागून होकार यायचा, "हाव!"

आणि एका बाभळीला तो आलाच नाही.

पुन्हा हाक मारली. शांत. वाकून मागे पाहिलं, तर रस्ता रिकामा! बैल मात्र मजेत चाललेले. कासऱ्याला हात लावायची माझी छाती नाही. "अहो, थांबा ना!" मी म्हणाले. हो, बैलांना 'अहो'! एकाने कान हलवला, बस.

पुढे गाव लागलं. तिथल्या हौदावर पाणी प्यायला ते आपणहून थांबले, तेव्हा मी उडी टाकली आणि सरळ भोकाडच पसरलं.

"काऊन रडून राह्यली, पोरी?" धुणं धुणाऱ्या एक आजी उठल्या.

"माझे काकाजी पडले हो वाटेत! चक्कर आली असेल! माझ्यामुळे उन्हात चालत होते!"

खरं सांगते, मला त्यांचं प्रेतच दिसत होतं. मला जागा दिली म्हणून एक भला माणूस गेला, आणि मला त्याचं नावही माहीत नाही!

पण गाव पाहा! कुणी सायकलवर टांग मारली. कुणी जखमीला उचलून आणायला बाज घेऊन धावलं. एकाने विचारलं, "वाटेत विहीर हाये नं?" मी मान डोलावली मात्र, दोर आणि गळ घेऊन आणखी एक टोळी पळाली! कापूस वेचणाऱ्या बाया ओट्या पोटाशी तशाच बांधलेल्या ठेवून शेतांचे धुरे-बांध धुंडाळू लागल्या. आजींनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"सख्खा काका होय का?"

"नाही. ओळखतसुद्धा नाही."

"मंग एवढी रडतं?" पदराने माझं तोंड पुसत त्या म्हणाल्या. "अन् आमी तरी कुठी वळखतो त्याले? सापडन, सापडन!"

सायकलवाले घामाघूम होऊन परतले. "पार मोटारीलोक पाह्यलं. कोनीच नाई." विहिरीतून एक फुटकी बादली निघाली. काकाजी नाहीत.

"बाई, त्याचं तोंड तूच पाह्यलं," बाजवाला म्हणाला. "बंडीवर चढ अन् दूरवर नजर टाक."

चपला काढल्या, पदर खोचला, चढले. कापसात गुडघ्याएवढी रुतले. तेवढ्यात पायाखाली काहीतरी टणक लागलं. म्हटलं, बरं झालं, आधार मिळाला! त्यावर दोन्ही पाय घट्ट रोवून मी जिवाच्या आकांताने ओरडले, "काकाऽऽजी!"

आधार हलला.

मी मागच्या मागे कोसळले. कापूस फाकला आणि आतून एक डोकं वर आलं. मिशीत कापूस, कानात कापूस, डोळ्यांत झोप. त्यांनी गर्दी पाहिली, बाज पाहिली, माझं रडकं तोंड पाहिलं आणि धोतर सावरत, खाली उतरायला एक पाय बाहेर टाकतच विचारलं,

"काय झालं, माय? कोन हरवलं? थांबा, थांबा, मीबी येतो धुंडाले!"