अवंतीचं पेलं

अहल्याबाई शितोळे पिशवी घेऊन फाटकाबाहेर आल्या की कारेलीबागेतले निम्मे भाजीवाले गाडी पुढे ढकलायला लागत. घासाघीस करतात म्हणून नव्हे, हात लावतात म्हणून. वांगं दाबून बघायचं, दुधीला नख लावायचं, कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरायची. चाळीस वर्षं बडोद्यात संसार केला, पण न चाचपता घेतलेला टोमॅटो त्यांच्या घरात आला नव्हता.

अशा बाईंची नात साडेतीन वर्षांची झाली तरी तिला वस्तूंची नावं येत नव्हती. अवंती बोलायची भरपूर, अगदी कान किटेपर्यंत. पण जगातल्या यच्चयावत वस्तूंना तिच्याकडे एकच नाव होतं: पेलं. गुजरातीतलं ‘पेलुं’, म्हणजे ‘ते’, बडोद्याच्या मराठी घरात शिरून ‘पेलं’ झालं होतं. चमचा पेलं, पंखा पेलं, आजोबांचा चष्माही पेलंच. "आजी, पेलं पेलंवर पडलं!" अशी आरोळी आली की अहल्याबाई घरभर धावत सुटायच्या. कशावर काय पडलं ते डोळ्यांनी बघेपर्यंत कळायची सोय नव्हती.

शेवटी बालवाडीच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं: शब्दसंग्रह वयाच्या मानाने कमी.

सून उत्कर्षा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कामाला होती. तिने डायरी दोनदा वाचली. "आई, मेन रोडला एक क्लास आहे. चित्रांची कार्डं दाखवून मुलांना शब्द शिकवतात. रोज तीन ते पाच."

तीन ते पाच! अहल्याबाईंनी मनात हिशेब केला. सकाळ बालवाडीची, संध्याकाळ आईबापांची. नात त्यांच्या एकटीच्या वाट्याला यायची ती नेमकी या दोन तासांत.

"मला एक महिना दे," त्या म्हणाल्या.

"दिला. मग क्लासच्या मॅडमकडे चाचणी घेऊ. दहा कार्डांतली सात नावं आली तर राहू दे घरी. नाही तर नाव घालायचं."

दुसऱ्याच दिवशी अहल्याबाईंनी भाज्यांचा तक्ता आणून भिंतीवर ठोकला आणि हातात पट्टी घेऊन उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"पेलं."

"आणि हे?"

अवंतीने आजीकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दुसरं पेलं."

"प्रगती आहे हो," तिचे आजोबा सुभानराव पेपराआडून म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कशाचीच घाई नव्हती. "पेलं दोन असतात एवढं तरी कळलं तिला."

"तुम्ही पेपर वाचा."

तक्त्याने चार दिवस खाल्ले. पाचव्या दिवशी दारात भेंडीची गाडी आली. अहल्याबाईंनी सवयीने एका भेंडीचं शेपूट मोडून बघितलं. मोडेचना, नुसतं वाकलं. "शी, निबर," म्हणून त्यांनी ती परत टाकली. अवंती टक लावून बघत होती. तिने पंजा भरून भेंड्या उचलल्या. एकीचं शेपूट कट्‌कन तुटलं, दुसरीचं वाकलं. "निबर!" ती आनंदाने किंचाळली.

अहल्याबाईंचे डोळे भरून आले. ते पुसेपर्यंत पोरीने अर्धी टोपली तपासली होती.

"बा, आ छोकरीने पकडो!" भाजीवाला ओरडला.

शितोळ्यांकडे चार दिवस भेंडीची भाजी झाली.

पण अहल्याबाईंना किल्ली सापडली. तक्ता उतरला आणि शब्द हातात आले. पापड ठिसूळ, केळ्याचं साल बुळबुळीत, मातीचा गोळा भुसभुशीत, चिंचेची गोळी चिकट, शिळी पोळी चिवट. अवंतीने घर तपासायला घेतलं. झोपलेल्या सुभानरावांच्या गालावरून हात फिरवून तिने निकाल दिला, "खरखरीत." मग पोटात बोट खुपसून, "लिबलिबीत."

"हे कुणी शिकवलं?" आजोबा उठून बसले.

"खोटं असेल तर सांगा," अहल्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

महिना भरला तेव्हा त्या ऐटीत होत्या. ठेवणीतली साडी नेसून, नातीला आणि सुनेला घेऊन त्या क्लासला पोचल्या. मॅडमनी पहिलं कार्ड टेबलावर ठेवलं. कोणत्याही भाषेत सांग, चालेल, असंही सांगितलं. कार्डावर सफरचंद होतं.

अवंतीने कार्ड उचललं. दोन्ही बाजूंनी चाचपलं, गालाला लावलं, हुंगलं. "गुळगुळीत," ती म्हणाली.

दुसऱ्या कार्डावर मांजर. "गुळगुळीत."

तिसऱ्यावर फणस. काट्यांवरून तिने फार सावकाश बोट फिरवलं. मग आजीकडे वळून नवलाने म्हणाली, "हे पण गुळगुळीत!"

अहल्याबाईंनी एक कार्ड चाचपून पाहिलं. पोरीचं काही चुकत नव्हतं, कार्डांना वरून प्लॅस्टिक चढवलेलं होतं. "सोन्या, नुसतं बघ. हात नको लावू," त्या कळवळून म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

अवंतीने हात मागे बांधले, उरलेली कार्डं लांबून नीट पाहिली आणि सांगितलं, "पेलं. पेलं. पेलं."

दहापैकी शून्य. "सोमवारपासून पाठवा," मॅडम गोड हसून म्हणाल्या.

परत येताना अहल्याबाई भराभर पावलं टाकत होत्या. अवंती मात्र दोघींच्या मधे लटकत बडबडत होती. "मम्मी, तुझी ओढणी झिरझिरीत आहे. मॅडमची कडक होती."

फाटकाशी येऊन अहल्याबाई म्हणाल्या, "घाल तिचं नाव. माझंच चुकलं. भेंडी हातात असली की तिला भेंडी म्हणायची गरजच पडत नाही गं. निबर शिकवलं, भेंडी राहून गेली."

उत्कर्षाने चप्पल काढता काढता मान हलवली. तिला हसू आवरत नव्हतं. "आई, कारखान्यात मी दिवसभर हेच करते. तयार माल हातात घेऊन तपासते. दहाचे दहा नग गुळगुळीत निघाले आणि दहा वेळा तसं लिहिलं, म्हणून मला कुणी शून्य नाही दिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे क्लास नको. पण नावं यायलाच हवीत."

अहल्याबाई पायरीवर बसल्या आणि विचार करून म्हणाल्या, "मग ज्याला वस्तू दिसत नाही असं माणूस पाहिजे ऐकायला. तू चहाच्या सुट्टीत फोन कर. नुसता आवाजाचा."

"करते. पण तुम्ही मधे बोलायचं नाही."

सोमवारी साडेतीनला फोन वाजला. दुपारभर दोघींनी मिळून दोडके सोलले होते, नाव आठ वेळा सांगून झालं होतं. अवंतीने एक न सोललेला दोडका छातीशी धरला.

"मम्मी, ओळख माझ्या हातात काय आहे!"

"काय आहे?"

"पेलं."

"मला दिसत नाही गं. कसलं पेलं?"

अवंतीने दोडका फोनच्या अगदी जवळ नेला. तरी आईला दिसेना. "खरखरीत," ती म्हणाली.

"कानस?"

"नाही!"

"घासणी?"

"नाही! लांब आहे."

पलीकडे चहा पिणाऱ्या बायकाही ओळखायला लागल्या. कुणी दोरी म्हणालं, कुणी झाडू. अहल्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. सुभानराव पेपर खाली ठेवून नातीकडे बघत होते. अवंतीचा चेहरा लाल झाला. एवढी मोठी माणसं, आणि एकीलाही येत नाही!

"अगं मम्मी, दोडका गं, दोडका!"

पलीकडे एकच गलका झाला. त्यातून उत्कर्षाचा आवाज आला, "आई, ऐकलंत का?"

अहल्याबाईंना उत्तर द्यायचं होतं, पण फोन अवंतीच्या हातात होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती. "थांब, ठेवू नको," ती आईला दरडावत होती. "आता आजीच्या टोपलीतलं दुसरं ओळख."