खेकसेमामा ओरडेनासे झाले

खेकसेमामा ओरडले की पत्रे दाबणाऱ्या प्रेसची धडधडसुद्धा ऐकू यायची नाही. खेकसे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चिंचवडच्या आमच्या कारखान्यात शॉपमधल्या साऱ्या कामगारांनी मिळून केलेलं ते बारसं. मामा सुपरवायझर. साधं "चहा घेतलास का?" विचारलं, तरी समोरचा दचकायचा.

पण त्यात माया होती राव. माझी बायको बाळंतपणात अडली, तेव्हा मी मुकाट कामावर उभा होतो. रजा मागायची हिंमत नव्हती. मामांना कुणीतरी सांगितलं. "अरे गाढवा, ती तिकडं मरणाशी झगडतीय आन् तू हितं पत्रे दाबतोस? पळ, न्हाईतर तंगडं मोडीन!" मी तिच्याकडं काळेवाडीपर्यंत सायकल हाणली. शिफ्ट सुटेस्तोवर माझ्या प्रेसवर मामा स्वतः उभे राहिले.

पुढं कंपनीनं सुपरवायझरांसाठी वर्ग काढला. कामगारांशी कसं बोलावं, याची ठरलेली वाक्यं. ओरडलात तर पुन्हा मशीनवर जाल, ही तंबी वर. मामांच्या दोन पोरी लग्नाच्या होत्या. त्यांनी वाक्यं पाठ केली. "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे," असं ते पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो. मामा हसले नाहीत.

मग माझ्या प्रेसची जाळी तुटली. हात आत जाऊ नये म्हणून असते ती. मी मामांना सांगितलं. पूर्वी त्यांनी प्रेस जागच्या जागी बंद केली असती आणि स्टोअरवाल्याचा उद्धार केला असता. आता म्हणाले, "आपली तक्रार योग्य विभागाकडे पाठवण्यात आली आहे. काम चालू ठेवावे." मी ठेवलं. त्याच आठवड्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मामा दवाखान्यात आले. मला राग यायला हवा होता. आला नाही. काहीच येत नव्हतं.

"झालेल्या घटनेबद्दल कंपनीला खेद आहे," मामा भिंतीकडे बघत म्हणाले.

"मामा, एकदा ओरडा की माझ्यावर. असा कसा हात घातलास म्हणा."

त्यांच्या गळ्याची शीर तटतटली. ओठ हलले. आता सगळा वॉर्ड दचकणार म्हणून मी वाट बघत राहिलो.

"लवकर बरे व्हा," ते म्हणाले, आणि माझं पांघरूण सारखं करून निघून गेले.

नंतर मला कारखान्याच्या गेटवर राखणीला बसवलं. मामा रोज हात जोडून म्हणायचे, "सुप्रभात." मीही म्हणायचो, "सुप्रभात." ते रिटायर होईपर्यंत आम्ही एवढंच बोललो.