तीनदा उकळलेलं पाणी

खतमावशीला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे, आणि मारली असती तरी तिने मान वळवली नसती. चाळीस वर्षं तिने गोठ्यातलं शेण भाजीच्या वाफ्यांपर्यंत वाहिलं. आधी डोक्यावर पाटी, मग हातगाडी आणि शेवटी मुलाचा टेम्पो. खत मुरलंय की कच्चं आहे, हे ती मुठीत दाबून सांगायची. तिचा अंदाज कधी चुकला नाही, आणि ही गोष्ट तिने कुणाला विसरूही दिली नाही.

ती वाहायला लागली तेव्हा गोठ्यात सहा गाई होत्या. वाफ्यांच्या कडेचं गवत त्या खायच्या, त्यांचं शेण त्याच वाफ्यांत जायचं, गांडुळं आणि डोळ्यांना न दिसणारे जीव ते कुजवायचे, मुळं ते शोषून घ्यायची आणि पुन्हा गवत उगवायचं. "मातीतून आलं ते मातीत गेलं, की मन कसं निवांत होतं," मावशी म्हणायची, जणू ही सगळी व्यवस्था तिनेच लावून दिली होती. मग गोठ्याच्या मालकाने दोनशे गाई आणल्या. त्यांचं खाद्य कुठल्या कुठल्या शेतांतून ट्रक भरभरून यायला लागलं. त्या शेतांचा कस खाद्यातून इथे यायचा आणि शेणातून इथेच उरायचा. परत घेऊन जाणारा ट्रक नव्हता. वाफे होते तेवढेच राहिले, वर भाजीवाले गोण्यांतलं पांढरं खतही टाकू लागले.

मालक म्हणाला, "मावशी, आता झेपणार नाही तुम्हाला. राहू द्या."

झालं! मावशीला नाही म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतणं. तिने सगळं शेण उचललं आणि घरामागे, विहिरीला लागून ढीग घातला. ढीग ओला ठेवायला पाणी हाताशी हवं, एवढाच तिचा विचार. पाच वर्षांत तो ढीग घराच्या खिडकीपर्यंत चढला. गल्लीतली माणसं नळाचं पाणी प्यायची. मावशी मात्र आलेल्या-गेलेल्याला विहिरीचं पाणी पाजून विचारायची, "गोड आहे की नाही?" गोड होतंही.

अशा घरात सून आली आणि दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. नात मावशीच्या काळजाचा तुकडा होती. सून मात्र तिच्या डोळ्यांत सलायची. सहा आठवड्यांत मावशीने निकाल देऊन टाकला, "तुझ्या दुधात काही दम नाही. पोर वाळायला लागलंय. डब्याचं दूध सुरू कर." सून रडली. नवऱ्याकडे तिने पाहिलं, तेव्हा नवऱ्याने टेम्पोची किल्ली उचलली. डबा आला आणि दूध विहिरीच्या पाण्यात कालवलं जाऊ लागलं.

तिसऱ्या महिन्यात बाळाचे ओठ निळसर दिसायला लागले. नखंही. दवाखान्यात चार दिवस ठेवलं, तर पोरगी गुलाबी होऊन हसायला लागली. डॉक्टरांना नेमकं कारण कळेना. ते म्हणाले, "रक्ताचा रंग जरा तपकिरी दिसतोय. घरचं पाणी तपासायला पाठवतो. तोवर पाणी नीट उकळून द्या."

घरी येताच मावशी सुनेवर तुटून पडली. "ऐकलंस? तिथे सगळं उकळून देतात म्हणून पोर सुधारली. तू एक उकळी आली की गॅस बंद करतेस. आळशी कुठली! आजपासून बाळाचं पाणी मी बघणार."

आणि तिने बघितलं. स्वतःच्या हाताने पातेलं घासायची, पाणी उकळायची, निववायची, पुन्हा उकळायची. तीनदा. तांब्याभर पाण्याचं पेलाभर व्हायचं तेव्हा कुठे तिचं समाधान व्हायचं. बाळ निळं पडत गेलं तसं ती पाणी आणखी आटवत गेली. पाचव्या दिवशी दुपारी, बाटली अर्धी प्यायल्यावर, बाळाचा श्वास थांबला.

"आईच्याच अंगात कस नव्हता, पोर कशी तगणार?" मावशी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. सून भिंतीशी बसून ऐकायची. तिला माहेरी पाठवायचं बोलणंही सुरू झालं.

दहाव्या दिवशी पाणी तपासणारी बाई आली. फाटकात सून उभी होती. बाई तिच्याशी थोडा वेळ बोलली, मग तिने विचारलं, "बाळाचं पाणी कोण उकळायचं?" सुनेने घराकडे बोट दाखवलं.

मावशी ढिगावर पाणी मारत होती. बाई तिच्याशेजारी उभी राहून हळूच म्हणाली, "आजी, या ढिगातला नत्र मातीत मुरतो. मुळांना लागेल त्याच्या कितीतरी पट आहे इथे. उरलेला विहिरीत उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही. तान्ह्या बाळाचं रक्त त्याने निकामी होतं."

"मी तीनदा उकळायची," मावशी म्हणाली.

"उकळून जंतू मरतात, आजी. हे जिवंत नाही. पाण्याची वाफ होते, हे खाली राहतं. भाजी आटली की खारट होते ना, तसं."

मावशीच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. तिने विचारलं, "आणि आम्ही पितो ते?"

"मोठ्या माणसांना सहसा काही होत नाही."

संध्याकाळी मुलाने विचारलं, "काय म्हणाली गं ती बाई?"

सून दारात उभी होती. मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. खरं बोलायला तिला तेवढा एक क्षण मिळाला होता, आणि तिने तो वाया घालवला. "पाणी चांगलं आहे म्हणाली," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणणार?"

सुनेने ते ऐकलं आणि ती आत गेली. माहेरी जायला मात्र तिने साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर उठली. पातेलं घासलं, विहिरीचं पाणी उकळलं, निववलं, पुन्हा उकळलं, पुन्हा निववलं, पुन्हा उकळलं. उरलेलं पेल्यात ओतून ते सासूसमोर ठेवलं.

"आई, घ्या. तीनदा उकळलंय."

मावशीने वर पाहिलं आणि तिला कळलं, हिला सगळं माहीत आहे.

"घे की गं आई," मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. "एवढ्या मायेनं देतेय ती."

मावशी प्यायली. गोड होतं.

त्याला आता वर्ष होत आलं. पेला रोज येतो, सून समोर उभी राहून तो रिकामा होईपर्यंत पाहते. सासू-सुनेचं आता किती छान जमतं, असं गल्लीत सगळे म्हणतात. मावशी रोज वाट पाहते, आज तरी पोटात कळ येईल, आज तरी नखं निळी दिसतील. तिची तब्येत अगदी ठणठणीत आहे.