आगीच्या आधी निघालेला देव

जुनी इमारत जळाली की ‘शॉर्टसर्किट झालं असेल’ असं म्हणून तुम्ही किती सहज पुढे जाता? पोलिसाच्या नोकरीत मीही जात असे. जुन्नरच्या जुन्या पेठेतल्या धर्मशाळेची आग मात्र निवृत्तीनंतरही माझ्या मनात विझलेली नाही.

धर्मशाळेचा तळमजला घडीव दगडाचा, वर सागवानी माडी. माडीवर एका शिंप्याचं दुकान, बाकी इमारत रिकामी. भर दुपारी माडी पेटली. मी घाईत पंचनामा उरकला आणि नेहमीचं वाक्य लिहिलं : ‘इमारत संपूर्ण जळून खाक.’ मालकाच्या कारभाऱ्याने फिर्याद दिली की शिंप्याने इस्त्री चालू ठेवली; आपण स्वतः त्या वेळी कळंब गावी होतो, असंही जबाबात लिहून दिलं. “बंद करून जेवाय गेलतो, साहेब,” शिंपी सांगत राहिला. मी त्याला ठाण्यात बसवून ठेवलं.

ठाण्यात चहा आणणारी मावशी म्हणाली, “त्याला काय धरता? माडीच्या कोनाड्यातला मारुती कुटं गेला ते बघा की.”

“जळाला असेल.”

“दगडाचा देव जळतो व्हय?”

आम्ही राख चाळली. मारुती नव्हता. तो सापडला गल्लीच्या टोकाच्या देवळात. गुरव म्हणाला, “आगीच्या दिवशी सकाळीच कारभाऱ्यांनी आणला. नारळ फोडला, विडा ठेवला, आता हितंच ऱ्हा म्हणाले.”

कारभाऱ्याला बोलावलं. आगीबद्दल काहीच विचारलं नाही.

“देव कधी हलवला?”

“माडी पेटली तवा. धावत जाऊन काढला, राव.”

“त्या वेळी तुम्ही कळंबला होता. जबाबावर तुमची सही आहे.”

त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “शिंपी जेवाय जायची वाट बघितली, साहेब. माणूस जळू दिला न्हाई. देवाला तर आदीच इच्यारलं व्हतं.”

“आणि शिंप्याला?”

मग त्याने कारण सांगितलं. मालकाला तिथे कॉम्प्लेक्स बांधायचं होतं आणि शिंपी जागा सोडत नव्हता.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून गुरवाचा जबाब घेतला, कारभाऱ्याच्या मोबाइलचं त्या दुपारचं लोकेशन काढलं. ते कळंबचं नव्हतं. मालक आणि कारभारी, दोघांवर गुन्हा दाखल झाला. शिंप्याला सोडलं. आता तळमजल्यावर मशीन मांडतो, असं सांगून तो गेला.

पण नगरपालिकेने धर्मशाळा धोकादायक ठरवून पाडायचा आदेश काढला. त्या आदेशाला आधार होता माझ्या पंचनाम्याचा. दगडी तळमजल्याला काजळीपलीकडे काही झालं नव्हतं. जेसीबी चालू असताना शिंपी शेजारी येऊन उभा राहिला.

“भिंती उभ्या व्हत्या ना, साहेब? मग तुमी खाक कसं लिवलं?”

कारभाऱ्याने माडी जाळली. उरलेली इमारत माझ्या सवयीच्या एका वाक्याने पाडली. आग लावणारा निदान देवाची परवानगी घेऊन आला होता. मी तर जागेकडे नीट पाहिलंही नव्हतं.

तुमच्या गावात जुनी वास्तू जळाली आणि पोलिसांनी तुम्हाला पंच म्हणून बोलावलं, तर सही करण्याआधी पंचनामा वाचा. काय जळालं ते पोलीस लिहितीलच. काय अजून उभं आहे, ते तुम्ही लिहायला लावा.