परत आलेलं एकोणचाळीस किलो

माले गावातल्या अपेक्षाला अख्खी आळी ‘पनीरची डॉक्टर’ म्हणायची. पीएचडी करत होती पोरगी, आणि विषय असा की स्थळं बघायला आलेली माणसं तो ऐकूनच चहा अर्धा ठेवून उठायची. दुधाच्या पदार्थात जंतू सापडले तर विकलेला माल परत मागवायचा का, किती मागवायचा, आणि नाही मागवला तर किती माणसं आजारी पडतील, हे आधीच ताडायचं. समोरच्या माऊलीआजीनं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दिलेलं परत मागायचं शिकाया चार वर्सं? आमचं व्याही न शिकताच मागत्यात की गं!”

अपेक्षा हसायची. तिला माल तपासायला लांब जावं लागत नव्हतं. चुलते हैबतराव यांनी घरामागच्या शेडमध्येच पनीर करायचा धंदा टाकला होता. रोज सकाळी दूध नासवायचं, फडक्यात बांधून वर दगड ठेवायचा, वड्या कापून चांद्याच्या नि महाळुंग्याच्या, आयटीतल्या पोरांच्या मेसला पोचवायच्या. अपेक्षा अधूनमधून त्यातला तुकडा बरणीत घालून प्रयोगशाळेत न्यायची. हैबतराव चारचौघांत सांगायचे, “आमचं पनीर पीएचडी झालेलं हाय.”

गेल्या दिवाळीच्या आधी बेचाळीस किलोचा एक मोठा घाणा निघाला. त्यातला तुकडा अपेक्षानं नेला आणि पाच दिवसांनी, ऐन पाडव्याला, तिला निकाल कळला. लिस्टेरिया. हा जंतू फ्रिजच्या गारठ्यात मरत नाही, उलट सावकाश वाढत बसतो. वास येत नाही, चव बदलत नाही. धडधाकट माणूस दोन दिवस तापानं पडतो आणि उठतो. पण पोटुशी बाईनं खाल्लं, तर पोटातलं मूल जातं.

ती तशीच शेडमध्ये आली. “काका, सगळा माल परत आणायचा. आजच.”

“तुला शिकाया घातली ती आमचंच दुकान उठवाया व्हय?” हैबतराव कडाडले.

“एखाद्या बाईचं मूल गेलं तर दुकान ठेवून काय करायचं, काका?”

गाडीची किल्ली हैबतरावांनी स्वतःच काढली.

नशीब असं की आयटीतली पोरं दिवाळीला आपापल्या गावी गेली होती, मेस बंद, पनीर फ्रिजमध्ये तसंच पडून. मेसवाल्यांना फोन करत दोघं दारोदार फिरली. बेचाळीसपैकी एकोणचाळीस किलो परत आलं. उरलेलं तीन किलो भाजीत उकळून शिजलं होतं, म्हणजे त्यातला जंतू मेला होता. एकाही माणसाच्या तोंडात कच्चा तुकडा गेला नव्हता. अपेक्षा घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आनंदानं. मार्गदर्शक सर म्हणाले, “हे तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण होणार.” तिनं तक्ता केला: गेलेला माल बेचाळीस, परत आलेला एकोणचाळीस, बाधित शून्य.

मार्गशीर्षात डोंगरावरच्या वाडीतला नथू काहीतरी निरोप घेऊन हैबतरावांच्या दारात आला. वाडीतली माणसं भातकाढणीला यांच्याकडेच यायची. काकू, म्हणजे गोजराबाई, अंगणात धान्य पाखडत होत्या, अपेक्षा ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली.

“राणीचं मूल गेलं, काकू,” नथू म्हणाला. राणी त्याची बायको. “आठवा लागलेला. आधी ताप आला, अंग मोडून आलं. मग पोटात हलायचंच थांबलं. सरकारी दवाखान्यात मेलेलंच काढलं.”

गोजराबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. “अरे द्येवा! आणि मी तिला दोन जिवांची म्हणून मुद्दाम थोरला तुकडा दिला व्हता रे. म्हणलं, खा बाई मिठाबरोबर, अंगी लागंल.”

अपेक्षानं मान वर केली. “कसला तुकडा, काकू?”

“पनीरचा गं. तू माघारी आणलेलं न्हाई का ते? चांगलं पांढरंफेक, वास न्हाई काय न्हाई. दुधाचं हाय, उकिरड्यात कसं टाकू? भात काढाया वाडीच्या बाया व्हत्या, दिलं वाटून.”

माल परत कसा मागवायचा यावर अपेक्षानं शंभर पानं लिहिली होती. परत आलेला माल खड्डा काढून, फिनेल ओतून पुरायचा, एवढं एक वाक्य शेडमध्ये कुणाला सांगायचं राहून गेलं होतं. ती ज्या जगात वावरायची तिथं ते सांगावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डोंगर चढून गेली. राणी भिंतीला टेकून बसली होती. तिची सासू सखू चुलीपाशी होती. अपेक्षानं काही लपवलं नाही. तपासणी झाली नव्हती, खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, तरी आपल्याला काय वाटतं ते तिनं सांगितलं.

राणी म्हणाली, “हाटेलवाल्यांना फोन केलास तू.”

“हो.”

“आमाला न्हाई.”

सखूनं चुलीपासनं विचारलं, “काकूला ठावं हाय?”

“नाही अजून.”

“मग नगं सांगू, बाई. पुढच्या भाताला ती आमाला बोलवायची न्हाई.”

अपेक्षानं वाडीतली नऊही घरं फिरून विचारलं. दोघांना ताप येऊन गेला होता, बाकी ठीक. पोटुशी दुसरी कुणी नव्हती. खाली उतरताना तिनं ठरवलं की सखूचं ऐकायचं नाही. न सांगावं तर पुढच्या वेळी काकू पुन्हा वाटतील, तितक्याच मायेनं.

तिनं सांगितलं. गोजराबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. उठून शेडला कुलूप लावलं, आणि हैबतराव किल्ली मागत राहिले तरी आठ दिवस दिली नाही.

यंदा भात कापायला हैबतरावांनी मशीन आणलं. आळीतल्या लोकांनी, आपल्या सवयीनं, काकूला पैशाचा माज आला म्हणून कुजबुज केली. माज कसला! वाडीच्या बाया बांधावर उभ्या राहिल्या की गोजराबाई घरात जाऊन दार लावून घेत. बायांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं त्यांना. बाया तासभर थांबल्या आणि महाळुंग्याला बांधकामावर गेल्या. त्यांच्यात राणी होती.

अपेक्षाचा प्रबंध तेव्हा छापायला जायचा होता. सर म्हणाले होते, पुरावा नाही, तक्ता बदलू नकोस. तिनं ‘बाधित’पुढचं शून्य खोडलं आणि तिथं लिहिलं: माहीत नाही. नऊ घरं, कळवायचं राहून गेलं.